पाचवी तार

ओइवाला बर्फातला डगला घालायचा म्हणजे
सात बंद, दोन चेनी
आणि माझ्या मनगटावर दात.
केमीत नोव्हेंबरातले सकाळचे आठ, बाहेर अजून रात्रच.
शाळेची टॅक्सी खाली उभी.
चालक रेइयो हॉर्न वाजवत नाही.
एकदाच वाजवला होता.

मी कागद गिरणीत रात्रपाळी करते.
यंत्रांच्या गदारोळात बारा वर्षं काढली,
पण घरातल्या त्या एका किंकाळीला
कान काही सरावले नाहीत.

एएरिका आली तेव्हा वाटलं,
गाणी शिकवील, टाळ्या वाजवायला लावील.
ती फरशीवर बसली, मोज्याला अंगठ्यापाशी भोक,
मांडीवर पाच तारांचं कांतेले,
आणि पाऊण तास तिनं काही वाजवलंच नाही.
मी मनात पैसे मोजत होते.

मग म्हणाली,
तुमचा फ्रीज कुठल्या सुरात घुमतो, माहीत आहे?

माहीत कसं असणार. मी त्यात लोणी ठेवते.
ओइवा मात्र दिवसभर त्याच्याच दाराला
पाठ लावून डोलत बसायचा.
आम्ही समजायचो, भूक.

तिनं खुंट्या पिळल्या, कान देऊन, घाई नाही,
आणि सगळ्यांत जाड, पाचवी तार
फ्रीजच्या घूंघूंमध्ये अशी मिसळली
की तार कुठे संपते, यंत्र कुठे लागतं, उमगेना.
ओइवानं डोलणं थांबवलं नाही.
तीच त्याच्या डोलण्यात शिरली.

मग रोज सकाळी:
पहिली तार, उजवा पाय.
दुसरी, डावा.
तिसरीवर चेन, चौथीवर टोपी,
पाचवी म्हणजे दार.
कधी जमायचं. कधी तिसरीलाच सगळं फिसकटायचं,
डोकं भिंतीवर, धप्, धप्,
आणि एएरिका असली तर त्या धप्-वरच वाजवायची,
त्याच वेगात, मग केसभर हळू,
मग आणखी केसभर.
दर वेळी भिंत ऐकायची असं नाही.

सासूबाई फोनवर विचारत, बरा होतोय का?
आजारी नाहीये तो, मी म्हणे,
आणि फोन ठेवून
थोडा वेळ जिन्यात बसे.

फेब्रुवारीत फ्रीज मेला.
पाळीवरून आले तर दुधाचं थारोळं,
ओइवा दाराला गाल लावून
स्वतःच घूंघूं करत होता.
घसा बसेपर्यंत. तीन दिवस.

नवा आणला. वीज कमी खाणारा, जवळजवळ मुका,
मधूनच दातांतून शीळ घातल्यासारखा.
ओइवानं कांतेले सोफ्याखाली ढकललं.
डगला पुन्हा वैरी झाला.
हप्त्यांवर घेतलेल्या त्या पांढऱ्या पेटीला
मी एकदा लाथ मारली. खोटं कशाला बोलू.

एएरिकानं नव्याची शीळ ऐकली,
खुंटीची किल्ली काढली, म्हणाली, पुन्हा जुळवू.
ओइवानं ती तिच्या हातातून घेतली.
हिसकावली नाही. घेतली.
पहिली तार त्यानं चढवली, शिळेपर्यंत,
जीभ दातांत धरून, दुसरी, तिसरी,
चौथी थोडी जास्तच चढली, उतरवली.
पाचवीवर बोट ठेवलं.
बराच वेळ ठेवलं.
मग किल्ली माझ्या खिशात टाकून
खिडकीपाशी निघून गेला.

वरच्या मजल्यावरचे म्हातारे युर्मो, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे,
परवा जिन्यात म्हणाले, तुमची एक तार उतरली आहे,
सांगितलंत तर लावून देतो.
नको म्हटलं.
कारण सांगत बसले नाही.

आज चेन अडकली. आज चावाही बसला, पण हलका.
चार तारा शिळेच्या,
मग ती एक, जाड, खालची,
जिचं घर आता या घरात नाही.
दार उघडलं.
खाली रेइयो इंजिन बंद करून
काचेवरचा बर्फ खरवडत होता,
जमेल तितक्या हळू.